धूसर पार्श्वभूमी आणि पाहणाऱ्याचे स्वातंत्र्य

छायाचित्रातील एक चेहरा सुस्पष्ट ठेवून त्यामागील सारे धूसर करायचे, या रूढीला आज सर्रास ‘सिनेमॅटिक’ हे विशेषण लावले जाते. ते तपासून पाहण्याजोगे आहे. भिंगाचे छिद्र मोठे केले, नाभीय अंतर वाढवले किंवा विषय जवळ आणला, की सुस्पष्टतेचा पट्टा, म्हणजेच डेप्थ ऑफ फील्ड, अरुंद होतो. हे झाले प्रकाशशास्त्र. परंतु ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्रपटाची चौकट त्याच फिल्मवरील छायाचित्राच्या २४ × ३६ मिलिमीटर चौकटीच्या जवळजवळ निम्मी असते. दृश्याची तीच मांडणी आणि तेच छिद्र राखले तर चित्रपटातील पार्श्वभूमी तुलनेने अधिक स्पष्टच उमटते. स्टॅन्ली क्यूब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’मध्ये (१९७५) एफ/०.७ इतके उघडे भिंग वापरले ते मेणबत्तीच्या उजेडात चित्रण करता यावे म्हणून. तेथील धूसरता ही गरजेची किंमत होती. तिचेच आता अलंकरण झाले आहे.

प्रश्न केवळ अभिरुचीचा असता तर येथेच थांबता आले असते. आंद्रे बाझँ यांनी तो नैतिक पातळीवर नेला. विल्यम वायलर यांच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’मधील (१९४६) मद्यगृहाच्या दृश्यात पुढे होमर पियानो वाजवतो आहे, आणि दूर, चौकटीच्या एका कोपऱ्यात, टेलिफोनच्या खोक्यात उभा असलेला फ्रेड आपले प्रेम संपुष्टात आणतो आहे. त्याचा आवाज प्रेक्षकाला ऐकू येत नाही. कोठे पाहावे याची निवड बऱ्याच अंशी प्रेक्षकावर सोपवलेली असते. वास्तवाची संदिग्धता अशी शाबूत राहते, हे बाझँ यांचे प्रतिपादन. साहित्यविचाराच्या परिभाषेत, निवेदक येथे आपला अधिकार आवरता घेतो.

हे प्रतिपादन आकर्षक आहे, निर्दोष नाही. ‘सिटिझन केन’मधील (१९४१) सुझनच्या आत्महत्येच्या प्रयत्नाचे दृश्य, म्हणजे पुढे ग्लास आणि मागे दार, बाझँ यांना अखंड वास्तवाचा नमुना वाटले होते. प्रत्यक्षात ती एकाच फिल्मवर दोन वेळा केलेल्या चित्रणातून घडवलेली प्रतिमा आहे. सर्वत्र सुस्पष्ट असणे म्हणजे सत्यनिष्ठ असणे नव्हे. शिवाय वायलर यांच्या दृश्यात ॲल पुनःपुन्हा त्या खोक्याकडे पाहतो आणि प्रेक्षकाची नजरही तिकडे वळवतो. स्वातंत्र्य दिले जाते, पण दिशा ठरवून.

तरीही बाझँ यांचा आग्रह निकालात निघत नाही. रोलां बार्थ यांनी ‘ला शांब्र क्लेर’मध्ये (१९८०) ज्याला ‘पंक्टम’ म्हटले, तो तपशील छायाचित्रकाराच्या हेतूबाहेरचा असतो. जेम्स व्हॅन डर झी यांच्या १९२६ सालच्या कुटुंबचित्रात बार्थ अडखळतात ते एका स्त्रीच्या पट्ट्याच्या बुटांपाशी. असा तपशील बोचण्यासाठी आधी तो उमटलेला असावा लागतो. धूसर पार्श्वभूमी ही शक्यताच मोडून काढते. तेथे पाहणाऱ्याला मतभेद नोंदवायलाही जागा उरत नाही.

विरुद्ध बाजूही लक्षात घ्यायला हवी. मागून चाललेल्या अनोळखी माणसाने आपण छायाचित्रात यावे अशी संमती दिलेली नसते. त्याला धूसर करण्यात सौजन्यही असू शकते. हलाखीतल्या माणसाला त्याच्या खोपटापासून वेगळे करून टिपण्यात त्याची प्रतिष्ठा राखली जाते, असेही म्हणता येईल. पण तेवढ्याच सहजतेने त्याची हलाखी कारणांवाचूनची, केवळ चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांची होऊन बसते. छायाचित्रणाच्या वर्णनपर लेखनात ‘भावपूर्ण’ हा शब्द बहुधा याच ठिकाणी येतो.

२०१६ नंतर फोनमधील कॅमेऱ्यांनी या वादाला वेगळे वळण दिले. त्यांची भिंगे इतकी लहान की पार्श्वभूमी आपोआपच बरीचशी स्पष्ट येते. धूसरता नंतर गणिताने लादली जाते, आणि कित्येकदा चित्र काढून झाल्यावर बदलताही येते. जुन्या भिंगाने मागचा माणूस खरोखरच टिपलेला नसे. येथे तो टिपलेला असतो, आणि मग झाकलेला असतो.