कुंडीवरचा पांढरा थर



एखादी वस्तू जुनी होत जाते तेव्हा तिच्यावर जे साठते ते तिचेच असते की परके? प्रश्न पुस्तकी वाटेल. पण नांदेड-लातूरकडे ज्यांच्या अंगणात बोअर आहे त्यांना तो रोज डोळ्यांसमोर दिसतो. गिझरच्या कॉइलवर, पातेल्याच्या बुडाला, नळाच्या तोटीला आणि मातीच्या कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. आपल्या धर्मग्रामात काही घरी वड, पिंपळ, उंबर यांची बोन्साय झाडे आहेत. मध्यंतरी मिस्सानंतर त्यांच्या कुंड्यांवरून बोलणे निघाले. एकाचे म्हणणे, हा थर म्हणजे मळ, बाथरूमच्या अ‍ॅसिडने पाच मिनिटांत जाईल. दुसऱ्याचे म्हणणे, कुंडी जुनी आहे, तिचे वय तिच्या अंगावर दिसू द्यावे. फादर तत्त्वज्ञान शिकलेले आहेत, त्यांनाच विचारा, असे ठरले. सेमिनरीत कुंड्यांचा पेपर नव्हता! पण प्रश्न चांगला आहे, आणि तो कुंडीपाशी थांबत नाही.

आधी थर कशाचा ते पाहू. मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. पावसाचे पाणी माती-खडकातून मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून बरोबर घेते. बोअरमधून तेच वर येते. त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे हा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आता हिशेब करा. ६०० चे पाणी रोज अर्धा लिटर कुंडीत घातले, तर वर्षाला शंभर ग्रॅमहून अधिक क्षार त्या लहानशा कुंडीत जातात. काही तळाच्या भोकातून वाहून जातात. बाकीचे मातीत आणि कुंडीच्या भिंतीत राहतात. कुंडी बिनग्लेझची असली तर पाणी भिंतीतून झिरपून बाहेर येते आणि वाऱ्याने उडून जाते. क्षारांना उडता येत नाही. खतातले क्षारही त्यांत मिसळतात. मग खपली धरते.

म्हणजे हा थर घाणीने आलेला नाही. झाड जगावे म्हणून कोणी तरी रोज न चुकता जे पाणी घातले त्यानेच तो आला. लातूरला तर यात आणखी एक गोष्ट आहे. मार्च २०१६ मध्ये तेथे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वॅगन होत्या, साधारण पाच लाख लिटर पाणी. ते दिवस ज्यांनी काढले त्यांच्या हाताला काटकसर कायमची लागली आहे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी ते मोरीत सोडत नाहीत, बादलीत धरतात आणि झाडांना घालतात. हेतू किती चांगला! पण यंत्राने बाजूला काढलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते कुंडीला घालणे म्हणजे खपली वाढवणे. थोडे थोडे पाणी घालण्यानेही तेच होते. क्षार धुऊन निघायला पाणी तळातून वाहावे लागते. तेव्हा सद्गुणाचीही खपली धरू शकते, हे मला या निमित्ताने उमगले. नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही दुर्गुणांच्या परिणामांवर बरेच बोललो, या गोष्टीवर फारसे नाही.

आता वयाचे म्हणणे पाहू. तेही हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जपानमध्ये बोन्सायच्या कुंडीला वर्षानुवर्षांच्या हाताळण्याने आणि ऊनपावसाने जो मऊ, खोल रंग चढतो त्याला ‘जिदाई’ म्हणतात; शब्दाचा अर्थ काळ, युग. अशी कुंडी नव्यापेक्षा मोलाची मानतात. पण त्या रंगाला जपणारे लोक चुन्याची खपली मात्र काढून टाकतात. दोन्ही गोष्टी काळानेच आणलेल्या, तरी ते दोन्हींना एका मापाने मोजत नाहीत. काही जण तिसरा मार्ग धरतात, कुंडीला तेल चोळतात. तेलाने ओला झालेला क्षार दिसेनासा होतो आणि कुंडी छान चमकते. तेल सुकले की पांढरे पुन्हा वर येते.

मग वय कोणते आणि खपली कोणती, हे कसे ओळखायचे? अ‍ॅरिस्टॉटलच्या भाषेत झटपट उत्तर देता येईल की कुंडी हे द्रव्य आणि थर हा आगंतुक. पण मग जिदाईही आगंतुकच ठरते. या उत्तराने काम भागत नाही. त्याच अ‍ॅरिस्टॉटलने दिलेला दुसरा प्रश्न अधिक उपयोगी आहे: ही वस्तू कशासाठी आहे? आपल्या घरातला माठ घ्या. माठ पाणी गार करतो, कारण त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते आणि उडते. जड पाण्याने छिद्रे बुजली की माठ दिसायला तोच, पण पाणी गार होत नाही. आपल्या आया-बहिणी त्याला काथ्याने घासतात, आणि तरीही गार होत नसेल तर त्यात धान्य भरतात. माठाला चरे पडले, रंग काळवंडला म्हणून कोणी तो बदलत नाही. काळाने ठेवलेली खूण वस्तूला तिचे काम करू देते की नाही, ही कसोटी त्या बायकांना कोणी शिकवावी लागली नाही.

आता भांड्यांचा विषय निघालाच आहे तर मार्ककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय घरी उघडून वाचा. तेथेही पेले, घागरी आणि तांब्याची भांडी धुण्याचीच चर्चा आहे. परुशी येशूच्या शिष्यांना वडिलांच्या परंपरेबद्दल जाब विचारतात. प्रभू उत्तरात कुर्बानचे उदाहरण देतो. मंदिराला अर्पण करण्याचा नवस मुळात भक्तीचा होता. पण ‘हे देवाला वाहिले आहे’ म्हणून म्हाताऱ्या आईबापांना हात आखडता घ्यायची सोय त्यातून झाली. (ब वर्षाच्या सामान्य काळातील २२ व्या रविवारी हा अध्याय वाचला जातो, पण कुर्बानचा भाग त्या वाचनात येत नाही. म्हणून घरी वाचा म्हणतो.) प्रभू परंपरेचा शत्रू नव्हता. तो शब्बाथाला सभास्थानात जाई, सणाला यरुशलेमला जाई. छिद्रे कोठे बुजली आहेत, एवढेच त्याने दाखवले.

आपल्या घरांतही असे एक ठिकाण आहे. मुलीसाठी स्थळ येते. मुलगा ख्रिस्ती आहे, निर्व्यसनी आहे, नोकरीला आहे, मिस्साला येतो. इतके कळल्यावरही आवाज खाली करून एक प्रश्न येतोच: “पूर्वीचे कोण?” स्नानसंस्कार होऊन तीन पिढ्या झाल्या, तरी प्रश्न तसाच. भारतीय कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेच्या आत जातिभेद आहे हे उघडपणे मान्य केले. आपल्या बैठकीच्या खोल्यांत तो सोयरिकीच्या बोलण्यात दिसतो.

हा प्रश्न दुष्टपणातून आला असे मी म्हणणार नाही. आपले आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिले. १९७२ च्या दुष्काळात कोणाच्या घरी मूठभर ज्वारी मागता येत होती? सोयऱ्यांच्याच. बाळंतपणाला, मयताला, गावाने वाळीत टाकल्यावर सोयरेच धावून आले. ‘आपले कोण’ हे विचारणे म्हणजे तेव्हा जीव वाचवणे होते. ते पाणी केव्हाच उडून गेले, मागे प्रश्न राहिला. आणि आता त्यामुळे एकाच वेदीपाशी ख्रिस्तशरीर घेणारी दोन घरे एका मांडवात येऊ शकत नाहीत. ख्रिस्ती कुटुंब ज्यासाठी आहे तेच येथे अडते. ही खपली आहे, वय नव्हे. मी यात दुसरे मत धरू शकत नाही.

पण मयताच्या घरी रात्रभर चालणारी भजने वेगळी. कीबोर्डवर ती नीट बसत नाहीत म्हणून बंद करावीत, असे आपल्या तरुणांपैकी काहींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. त्या भजनांनी कोणाची वाट अडत नाही, उलट विधवेला पहाटेपर्यंत एकटे बसावे लागत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्यांविषयी लिहिताना सावध केले आहे की बदल चांगला असला तरी रूढी मोडण्यातच काही नुकसान असते. म्हणून लाभ त्याहून निश्चित मोठा हवा. भजनांच्या बाबतीत असा लाभ मला दिसत नाही. सोयरिकीच्या बाबतीत दिसतो.

राहिली घासण्याची रीत. जाणकार माळी सांगतात की आधी कोरड्या ब्रशने जेवढे निघेल तेवढे काढावे. मग पांढरा व्हिनेगर आणि तेवढेच पाणी कापडाने लावून थोडा वेळ ठेवावे, हळू घासावे, स्वच्छ धुवावे. मुळांना आणि मातीला आंबट लागू देऊ नये. म्हणून झाड नव्या मातीत बसवायला बाहेर काढतात तोच या कामाचा मुहूर्त. तारेच्या घासणीने ग्लेझ ओरखडते. बाथरूमचे अ‍ॅसिड खपलीबरोबर कुंडीही खाते. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र तर कधीच करू नये, विषारी वायू निघतो. आणि पाणी तेच राहिले तर थर पुन्हा येणार. पावसाचे पाणी पिंपात धरून घातले तर तो जवळजवळ येतच नाही.

प्रवचनपीठावरून नावे घेऊन झोडपणे हे बाथरूमच्या अ‍ॅसिडसारखेच आहे. त्याने एखादी सोयरीक जुळल्याचे मी पाहिले नाही. मुलगा-मुलगी नव्या घरात रुजायला निघतात, ती वेळ बरी. म्हणून यापुढे विवाहपूर्व तयारीच्या एका भेटीला वधू-वरांबरोबर दोन्हीकडच्या आईवडिलांनीही यावे, अशी माझी विनंती आहे. मी कोणाला ‘पूर्वीचे कोण’ विचारणार नाही. तो प्रश्न तुमच्या घरात कोणी, कधी आणि कशाच्या भीतीने पहिल्यांदा विचारला होता, हे मात्र आजी-आजोबांकडून ऐकून या. ते सांगायला अजून आहेत.