वाचलेल्याची साक्ष

“आमचे आजोबा उभा जन्म विड्या ओढत होते, तरी नव्वदी गाठली!” हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ते खोटं नसतं. पण त्यामुळे विडी निर्दोष ठरत नाही. का, ते दोन मासे सांगतात.

अमेरिकेत सिएटलजवळच्या प्युजेट साउंड या खाडीत लेपीच्या जातकुळीतले दोन चपटे मासे तळाशी राहतात: इंग्लिश सोल आणि स्टारी फ्लाउंडर. बंदरं आणि कारखान्यांलगतच्या गाळात लाकडाला लावायचं क्रिओसोट, डांबर, काजळी यांतून बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं साचलेली. गाळ दोघांनाही तोच. तरी सोलच्या यकृतात गाठी वारंवार सापडल्या, फ्लाउंडरच्या यकृतात क्वचितच.

बेंझोपायरीन पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीराला ते सहजी बाहेर टाकता येत नाही. यकृतातली सायटोक्रोम पी-४५० ही विकरं त्याला ऑक्सिजन जोडतात आणि इथेच घात होतो. या पहिल्या टप्प्यात तयार होणारं एक द्रव्य मूळ विषापेक्षा जहाल असतं, ते डीएनएलाच चिकटतं. त्याला वेळीच ग्लुटाथायॉन हे शरीरातलंच द्रव्य जोडलं गेलं तर ते निरुपद्रवी होऊन शरीराबाहेर पडतं. सोलमध्ये पहिलं काम जोरात चालतं, दुसरं मागे पडतं. घरातला कचरा दारात आणून ठेवावा आणि घंटागाडी येऊच नये, तशी गत. फ्लाउंडरकडे ही दुसरी यंत्रणा अधिक सक्षम असते.

मग फ्लाउंडर सुखरूप आहे म्हणजे पाणी ठीक आहे, असं म्हणायचं का? त्याचं मांस तपासलं तरी फारसं काही हाती लागत नाही, कारण यकृताने विषाचं रूपच पालटलेलं असतं. म्हणून शास्त्रज्ञ पित्त तपासतात. विशिष्ट प्रकाशात त्यातले अवशेष चमकतात, आणि धडधाकट माशाच्या पित्तातही ते असतात. विष त्यालाही मिळालेलंच असतं, फक्त त्याला ते निस्तरता येतं.

याच खाडीतल्या ईगल हार्बरमध्ये लाकडाला क्रिओसोट लावणाऱ्या कारखान्याने तळ नासवला होता. १९९३-९४मध्ये त्यातल्या मोठ्या भागावर स्वच्छ वाळूचा थर पसरण्यात आला, आणि पुढच्या वर्षांत तिथल्या सोलचे यकृताचे विकार घटत गेले. माशाच्या यकृताची विष निस्तरण्याची क्षमता होती तशीच राहिली, बदलला तो तळ. पाणी किती स्वच्छ हवं, हे जो आधी आजारी पडतो त्याच्यावरून ठरवावं.