राजाश्रय गेल्यावरची श्रद्धा

दहिसर आणि बोरिवलीच्या सीमेवर मंडपेश्वराची लेणी आहेत. आत नटराजाचं शिल्प आहे, शिवलिंगाची पूजा आजही होते, आणि एका भिंतीवर मूळ शिल्पं तासून कोरलेला भला मोठा क्रूस आहे. सोळाव्या शतकात, पोर्तुगीज राजवटीत, अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन पाद्र्याने या लेण्याचं चर्च केलं; वर मठ आणि विद्यालय उभं राहिलं, त्याचे अवशेष अजून दिसतात. या साष्टी बेटावरच्या ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेची गोष्ट या भिंतीपासून सुरू करावी, असं मला वाटतं. दुसऱ्याचं देवस्थान इथे सत्तेच्या बळावर घेतलं गेलं, आणि ज्याच्या नावाने घेतलं त्याचाच जीव सत्तेने क्रूसावर घेतला होता. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. आपल्यावरची संकटं तेवढी मोजायची आणि आपल्या नावाने झालेला अन्याय गाळायचा, अशाने निष्ठा उरेलही, सचोटी उरत नाही.

मात्र त्या श्रद्धेची खरी परीक्षा पुढे झाली. १७३७मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं, मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांपुढे वसई शरण आली. धर्म पाळायची मोकळीक राहिली, पण युरोपीय पाद्री निघून गेले आणि कित्येक चर्चेस ओस पडली. आता ख्रिस्ती असण्याने काहीच मिळणार नव्हतं. काही घराणी जुन्या धर्मात परतली. त्यांना दोष देण्याचं कारण नाही. जे थांबले ते बहुतेक शेतकरी आणि मासेमार. पूर्वजांचं धर्मांतर लोभाने झालं, भीतीने झालं की मनापासून, याचा निवाडा आज कोण करणार? पण राज्यकर्ता बदलल्यावरही जे राहिले, त्यांचं राहणं त्यांचं स्वतःचं होतं, एवढं नक्की म्हणता येतं.

ते तगले कशावर? थोड्या स्थानिक पाद्र्यांवर, घरातल्या प्रार्थनेवर, आणि मला विशेष वाटतं ते म्हणजे गाण्यावर. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये गोव्यात छापलं गेलं. फ्रान्सिस्को वाझ दे गिमाराइश यांनी सतराव्या शतकात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं पुराण इकडच्या बोलीत रचलं आणि उपासकाळात लोक ते गात राहिले. ज्या पोर्तुगीज सत्तेने हा धर्म आणला, तिनेच १६८४मध्ये गोव्यात स्थानिक भाषा मोडण्याचा हुकूम काढला होता. सत्ता गेली, आणि तिने तुच्छ लेखलेल्या भाषेनेच श्रद्धा जपली.

आश्रयाशिवाय विश्वास हा रेव्हरंड ना. वा. टिळकांचाही ध्यास होता. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर घरदार तुटलं, पत्नी लक्ष्मीबाईंपासून काही वर्षं ताटातूट झाली. तरी १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र भक्तसंघ सुरू केला. विदेशी पगारावरचा धर्म आपल्या लोकांना आपला वाटणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

आजचा कठीण काळ कागदावरचा आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये त्यात शीख आले, १९९०मध्ये बौद्ध. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. धर्म बदलला म्हणून गावाने जात विसरली नाही, सरकार मात्र विसरलं. मग कुणी रविवारी मिस्सेला जातो आणि दाखल्यावर जुना धर्म ठेवतो. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही संविधानाशी प्रतारणा ठरवली.

कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. मीही कागदावर खोटं लिहिण्याचं समर्थन करणार नाही. सचोटी तिथेच तर लागते. पण एका माणसाला खरं बोलण्याची किंमत शून्य आणि दुसऱ्याला मुलाचं शिक्षण, ही वाटणी कुणी केली? ज्या उपनगरी चर्चमध्ये सुखवस्तू आणि दलित एकाच बाकावर बसतात, तिथल्या सुखवस्तूंनी शेजाऱ्याला प्रामाणिकपणाचा उपदेश करण्याआधी त्याच्या मुलाची फी भरावी, आणि हा आदेश बदलावा म्हणून त्याच्या बरोबरीने मागणी करावी.