शाळेचे गुण आणि शेजारधर्म

आपल्या लेंकरास चांगली शाळा मिळावी म्हणून बिऱ्हाड हलविणें हा दोष आहे काय? कोणीही चटकन म्हणेल, नाहीं. आईबापांचें तें कर्तव्यच होय. परंतु अमेरिकेंतील एक उदाहरण पाहिलें म्हणजे हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं, हें कळून येतें.

त्या देशांत मुलानें कोणत्या सरकारी शाळेंत जावें, हें बहुधा त्याचें घर कोठें आहे ह्यावरून ठरतें. सन २००२ च्या जानेवारींत तेथें असा कायदा झाला कीं, तिसरीपासून आठवीपर्यंत मुलांची वाचन व गणित ह्या विषयांत दरसाल परीक्षा घ्यावी आणि प्रत्येक शाळेचा निकाल लोकांपुढें मांडावा. गरिबांचीं व कृष्णवर्णीयांचीं मुलें कोठें मागें पडतात हें झांकून राहूं नये, हा त्यांतील एक चांगला हेतु होता. सन २०१५ त त्या कायद्याच्या जागीं दुसरा आला, तरी ह्या परीक्षा राहिल्याच.

परंतु दुखणें दिसावें म्हणून जो दिवा लाविला, त्याच्याच उजेडांत ऐपतदारांस निघून जाण्याची वाट दिसते. अशी ओढ कायद्यापूर्वींही होती. बॉस्टन शहराच्या उपनगरांविषयीं सन १९९९ त एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत शाळांच्या हद्दीच्या अलीकडचीं व पलीकडचीं घरें ताडून पाहिलीं. तेव्हां असें आढळलें कीं, शाळेचे गुण शेंकडा ५ नें अधिक असले, तर घरासाठीं लोक शेंकडा सुमारें अडीच अधिक मोजतात.

ज्याच्या गांठीं पैसा आहे तो जातो. मोलमजुरी करणारा मागें राहतो. शिवाय गुणांच्या आंकड्यांत एकट्या शिक्षकाचेंच काम मोजलें जात नाहीं. मुलाच्या घरीं पोटभर अन्न, पुस्तकें व अभ्यासास निवांत जागा आहे कीं नाहीं, हेंही त्यांत येतें. म्हणून कमी गुणांची शाळा ती वाईट शाळा, असा निवाडा करणें पुष्कळदां अन्यायाचें होतें.

तर मग जाणाऱ्या बापास दोषी ठरवावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच्या मुलाचें बालपण एकदांच येतें. शाळा सुधारेपर्यंत तें थांबत नाहीं. दोष आहे तो, दुखणें जगजाहीर करून औषध न देणाऱ्यांचा. आणि जे गेल्यावर मागें राहिलेल्या मुलांस विसरतात, त्यांचाही.

वाचकहो, आपलें लेंकरूं पुढें जावें अशी इच्छा धरणें वाईट नव्हे. परंतु शाळा सोडण्यापूर्वीं एकवार तेथें जाऊन बसावें, गुरुजींशीं बोलावें, आणि शेजाऱ्याच्या मुलासाठीं आपल्या हातून काय होण्यासारखें आहे, हेंही विचारावें.