आजीचं माप

लालबागची चाळ, गॅलरीतला बाक. आजोबा कापडगिरणीच्या साचेखात्यातले, 1982 च्या गिरणी संपात नोकरी गेलेले. नात मानसशास्त्र शिकते.

नात : आजोबा, आज अभ्यास करताना तुमची आठवण आली. लर्नर आणि केल्टनर या दोघांचा 2001 चा अभ्यास आहे. घाबरलेल्याला धोका मोठा दिसतो, चिडलेल्याला लहान. चिडलेल्याचे अंदाज खूश माणसासारखेच निघतात, सगळं नीट होईल असे.

आजोबा : बोनसवरून पेटलो तेव्हा आम्ही खूश नव्हतो गं.

नात : चिडला होतात. म्हणून तर 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. शांत डोक्यानं ठरवलं असतं तर?

आजोबा : तर एकही साचा थांबला नसता. 1946 च्या कायद्यानं मान्यता एकाच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. ती आम्हाला आपली वाटायची नाही, तरी वर्षानुवर्षं गप्प होतो. कायम नोकरी नसलेला बदलीवाला रोज गेटवर काम मिळेल का बघत उभा, तोही गप्प. त्याला तू शांत डोकं म्हणशील, आम्ही भीती म्हणायचो.

नात : मग राग बरा?

आजोबा : संपाचे पुढारी डॉक्टर सामंत सांगत होते, लढा लांबेल. आम्ही टाळ्या वाजवल्या.

नात : लांबेल म्हटल्यावर टाळ्या?

आजोबा : त्या दिवशी तो शब्दही गोड लागला. घरी आलो तर तुझी आजी पत्र्याचा डबा उघडून बसलेली. गावचा तांदूळ शेरानं मोजत होती. म्हणाली, सहा महिने पुरेल, तोही पेज करून. मी म्हटलं, त्याच्या आत मिटतंय.

नात : आजीचं ऐकायला हवं होतं.

आजोबा : संपावर जाऊ नका असं ती म्हणालीच नाही, बाय. नुसतं माप सांगितलं. उतरलो त्याचा मला आजही पस्तावा नाही. पण ज्या तिरमिरीत उतरलो, त्याच तिरमिरीत किती दिवस लागतील तेही ठरवून टाकलं.

नात : आजी घाबरली होती ना?

आजोबा : हात थरथरत होते. तरी एक दाणा खाली सांडला नाही.

नात : मग?

आजोबा : तांदूळ जुलैत संपला. संप दीड वर्षाहून जास्त चालला.