ढोलकपूरहून निघणारे

बसा. पाठ टेकायची असेल तर टेका. आज जी गोष्ट मनाशी धरायची आहे, तिला मननाच्या आसनावर कुणी सहसा बसवत नाही : टीव्हीसाठी काढलेला कार्टूनचा लांब सिनेमा. थिएटर न पाहिलेला. मे महिन्यातल्या किंवा दिवाळीतल्या एखाद्या दुपारी चॅनेलवर लागणारा, थोड्या थोड्या वेळानं बिस्किटाच्या जाहिरातीसाठी थांबणारा. ज्यात छोटा भीम काठमांडूला जातो, ज्यात मोटू आणि पतलू चंद्रावर जातात. असा सिनेमा लागला की तुम्ही बहुधा उठून दुसऱ्या खोलीत जाता. आज जाऊ नका.

दुसरी खोली नसलेलं एक घर डोळ्यांसमोर आणा.

घर सुरतेत आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या बाजूला खानदेशातून आलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. बाप लूमच्या खात्यातून, म्हणजे कारखान्यातून, बारा तासांची रात्रपाळी करून आला आहे आणि भिंतीकडे तोंड करून झोपला आहे. आई जमिनीवर साडी पसरून तिच्यावर खडे चिकटवते आहे; पैसे साडीमागे मिळतात. मूल टीव्हीपुढे. या घरात अहिराणी बोलतात, शाळेत मराठी (सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा मराठी माध्यमातही चालतात), गल्लीत गुजराती, आणि भीम बोलतो हिंदी. बाप झोपलाय म्हणून आवाज इतका बारीक ठेवला आहे की कोणतीच भाषा धड ऐकू येत नाही. मुलाचं त्यानं काही अडत नाही.

आपणही आवाज बंद करू आणि नुसतं पाहू.

एकच चित्र निवडा. भीम उभा आहे आणि बोलतो आहे. धड हलत नाही. ओठ हलतात, मधूनच पापणी लवते, क्वचित एक हात वर जातो. आता तो पळतो. पाय तेच तेच फिरतात आणि मागची झाडं सरकत राहतात. त्या झाडांकडे पाहा. एक वाकडं खोड गेलं, दोन झुडपं गेली, आणि वाकडं खोड परत आलं. आईच्या मांडीवरच्या साडीतही तेच चाललं आहे : वेल, फूल, कोयरी, आणि पुन्हा तोच वेल. छपाईत त्याला रिपीट म्हणतात. साडी नेसली की रिपीट कुणाला दिसत नाही, पळणाऱ्या भीमच्या मागचंही दिसत नाही. तुम्हाला आत्ता दिसलं, कारण तुम्ही थांबलात.

या काटकसरीचा उगम सुरतेपासून फार लांब आहे. १९५७ साली एमजीएम कंपनीनं आपला कार्टून विभाग बंद केला. तिथे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा ‘टॉम अँड जेरी’ काढत असत. सिनेमाघरासाठी, भरपूर पैसा आणि भरपूर चित्रं वापरून. दोघं टीव्हीकडे वळले. तिथे पैसा जेमतेम. मग त्यांनी हालचालच कमी केली. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे तो उगाच नाही. अस्वलाला टायचं काय काम? पण कॉलरमुळे डोकं धडापासून वेगळं काढता येतं. धड एकदाच रंगवायचं आणि तसंच ठेवायचं, पुढच्या प्रत्येक चित्रात फक्त डोकं बदलायचं. जाणकारांनी या कामाला फार नाकं मुरडली, आणि त्यांचं अगदीच चुकलं असं मला वाटत नाही. टॉमच्या एका धावेत जी मजा आहे, ती योगीच्या अख्ख्या भागात शोधावी लागते. तरीही श्वास सोडा आणि त्या टायकडे थोडा वेळ पाहा. जे हललं नाही, ते मुलानं हलवलं. सिनेमा काढणाऱ्यानं अर्धं काम सोडून दिलं आणि समोर बसलेल्या पाच-सात वर्षांच्या पोरानं ते न कुरकुरता पुरं केलं.

आता लांबीकडे वळू. माझ्या मते खरी गंमत तिथे आहे.

नेहमीचा भाग दहा-बारा मिनिटांचा. त्यात काही घडायला जागाच नसते. लाडू चोरीला जातात, सापडतात. भीमशी सतत चढाओढ करणाऱ्या कालियाला खुमखुमी येते, जिरते. कुणी गावाबाहेर जात नाही, जायची गरजही नसते. पण तेच पात्र तासभर चालवायचं म्हटलं की पंचाईत होते. एरवी लांब गोष्टीत माणूस बदलतो : मोठा होतो, शिकतो, प्रेमात पडतो, कुणीतरी मरतं. जुन्या, मुरलेल्या कार्टून पात्राला यातलं काहीच करता येत नाही. उद्या सकाळी त्याला पुन्हा दहा मिनिटांच्या भागात जसाच्या तसा हजर व्हायचं आहे. छोटा भीम २००८ साली पोगो वाहिनीवर आला. त्याला पहिल्या वर्षी पाहणारी पोरं आता नोकरीला लागली, भीम अजून नऊ वर्षांचाच आहे. वय बदलता येत नाही, स्वभाव बदलता येत नाही. मग उरतं काय? जागा. पात्राला घराबाहेर काढायचं, लांब न्यायचं, आणि परत आणायचं.

सप्टेंबर १९७२ मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीनं शनिवारी सकाळी तासाभराचे कार्टून सिनेमे दाखवायला सुरुवात केली. दुसऱ्याच आठवड्यात योगीची पाळी आली. त्याचं घर म्हणजे जेलीस्टोन पार्क. कचरा आणि धुराला कंटाळून योगी आणि इतर प्राणी एका उडत्या नौकेत बसून निघतात, कुठलीही घाण नसलेली जागा शोधायला. ती कुठे सापडत नाही. शेवटी ते घरी परततात आणि आपलंच अंगण साफ करायचं ठरवतात. म्हणजे या प्रकाराच्या अगदी सुरुवातीलाच त्याचा सांगाडा तयार होता : निघा, हिंडा, परत या.

हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनमध्ये राजीव चिलका यांनी भीमला घडवलं, तेव्हा हा सांगाडा त्यांच्यापुढे ठेवलेला असेल-नसेल. गरज तीच होती. म्हणून भीम पेट्राला गेला, शाओलिनला गेला, काठमांडूला गेला. थेट थिएटरात आला तेव्हाही, मे २०१२ मध्ये आणि मे २०१३ मध्ये, शाळांना सुट्ट्या असताना आला, आणि दुसऱ्यांदा बालीला गेला. मोटू-पतलू समुद्राच्या तळाशी गेले, कुंग फू शिकायला गेले. हे दोघे १९६९ पासून निघणाऱ्या ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकाच्या पानांतून २०१२ साली निकलोडियनवर आले. त्यांना पडद्यावर आणणारी मुंबईची कॉसमॉस-माया ही कंपनी केतन मेहता आणि दीपा साही यांनी काढली. मेहतांचा जन्म नवसारीचा, म्हणजे सुरतेच्या शेजारचा. दिग्दर्शक सुहास कदव. परदेश मात्र हे सगळे सिनेमे अगदी स्वस्तात उरकतात. चीन म्हटलं की लाथा आणि लाल कंदील, वाळवंट म्हटलं की उंट. आणि भीमच्या मैत्रिणीला, चुटकीला, जवळपास प्रत्येक प्रवासात बरोबर नेऊन फारसं काही करू देत नाहीत, हे मला खटकतं ते खटकतंच.

पण आपण निघालेल्या जागेकडे पाहू. भीमचं गाव, ढोलकपूर, डोळ्यांपुढे आणा. टुनटुन मावशी लाडू विकते. राजा इंद्रवर्मा महालात आहे आणि महाल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शेतं हिरवी आहेत. आता मोटू-पतलूचं फुरफुरी नगर. चहावाला समोसे तळतो, डॉक्टर झटका काहीतरी यंत्र जोडतो, इन्स्पेक्टर चिंगम गस्तीवर आहे. मोटू-पतलू पोटापाण्यासाठी नेमकं काय करतात ते कुणालाच सांगता येणार नाही. सावकाश विचारा स्वतःला : या दोन्ही गावांतून कामासाठी बाहेर गेलेला एक तरी माणूस दिसतो का? कुणाचा मोठा भाऊ दुसऱ्या राज्यात मशीनवर आहे का? कुणाच्या घरी महिन्याला पैसे येतात का?

नाही. इथून निघतात ते संकट आलं म्हणून किंवा मौज म्हणून, आणि निघालेला प्रत्येकजण परत येतो.

लिंबायतच्या त्या खोलीत हे दृश्य चालू आहे. आता तिथून निघू. शाळेला सुट्टी लागते आणि तोंडावर अक्षय तृतीया असते, म्हणजे खानदेशची आखाजी. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, कडुनिंबाला झोके बांधतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो. सालदाराचं सालही जुन्या रिवाजाप्रमाणे आखाजीलाच संपतं आणि नवं सुरू होतं. उधन्याहून ताप्ती खोऱ्याच्या मार्गावरची गाडी पकडायची : बारडोली, व्यारा, मग नवापूर. नवापूरला खिडकीतून नीट पाहा. स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात, आणि फलाटावर एक बाकडं असं की त्याच्या एका टोकाला बसलं तर एक राज्य, सरकून बसलं तर दुसरं. मग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर.

या डब्यात आई आणि मूल शेजारी बसली आहेत. दोघं कोणत्या दिशेनं चालली आहेत? घाईनं उत्तर देऊ नका. आई घरी चालली आहे. तिचं ढोलकपूर अमळनेरच्या बाजूला कुठेतरी आहे, आणि सुरत म्हणजे ती जिथे लांब गेली ती जागा. मुलाचा जन्म सुरतेचा. त्याचे मित्र, त्याची गल्ली, त्याचा समोसेवाला लिंबायतला. त्याच्यासाठी आखाजी म्हणजे लांबचा सिनेमा : झोका, विहीर, रात्री दिसणारे तारे, कडक बोलणारे आजोबा. पंधरा दिवसांनी तो परतेल. गाडी एकच आहे, पण त्या दोघांचे सिनेमे उलट्या बाजूंनी सुरू झाले आहेत.

बाप या डब्यात नाही. खात्यातून रजा मिळाली नाही. त्याच्याजवळ शेवटचं थोडं बसू. भीमला परत यावंच लागतं, कारण चॅनेलनं वेळ ठरवून दिलेली असते. तेवढ्यात राक्षस हरला पाहिजे, ढोलकपूर आलं पाहिजे, पुढचा कार्यक्रम थांबलेला असतो. बापाला अशी वेळ कुणी ठरवून दिली नाही. आणखी चार वर्षं, मग पोराची दहावी, मग डिंडोलीतल्या खोलीचे हप्ते, मग पोरीचं लग्न. गावाकडच्या घरावर त्यानं मागच्या पावसाळ्याआधी नवे पत्रे घातले. त्या घरात कोण राहणार, हे तो कुणाला विचारत नाही. अमळनेरला आजोबा मात्र नातवाला पहिल्याच दिवशी विचारतात, किती दिवस राहणार. नातू सांगतो, भीमचा नवा पिक्चर रविवारी आहे, त्याच्या आधी घरी जायचंय.