सैल दोरी

वारज्यात मुठेकाठी, हायवेच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर आमच्या पथकाचा सराव चालायचा. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की तेवढी जागा बदलावी लागे. ६० ढोल, १२ ताशे आणि वादनप्रमुख मी.

गणपतीला तीन आठवडे राहिले होते. नोकरीवरून आलेली पोरं दमलेली, मीही दमलेलो. दुसऱ्या हातावर, म्हणजे दुसऱ्या ठेक्यावर, एकीचा ठोका सारखा मागं पडत होता. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी ताशा थांबवला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "झेपत नसेल तर घरी बसा. उगाच गर्दी कशाला?" दोन-चार जण हसले. ती काही बोलली नाही. टिपरू धरायच्या बोटाला फोड आला होता, त्यावर बांधलेली चिंधी तिनं दातानं आवळली आणि खाली मान घालून वाजवू लागली.

मी विसरलो. पथक विसरलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ढोलांचा आवाज बसला. ठोका चुकत नव्हता, कारण कुणी जोरात मारतच नव्हतं. आठवड्यानं ऐन सरावात एका ढोलाचं पान फाटलं. ते चार दिवसांपासून चिरलेलं होतं आणि शेजारच्या तिघांना ठाऊक होतं. "मग सांगितलं का नाही?" मी ओरडलो. कुणी वर बघेना.

त्या रात्री ढोल ताणायला आमचे एक काका थांबले होते. पायात ढोल धरून दोरी ओढता ओढता ते शिवाजी महाराजांच्या सरनौबतांवर, म्हणजे सेनापती प्रतापराव गुजरांवर आले. १६७३ मध्ये प्रतापरावांनी उमराणीला पाणी तोडून बहलोलखानाला कोंडलं आणि शरण आला म्हणून सोडून दिलं. खान पुन्हा उलटला. महाराजांचा संताप रास्तच होता. पण खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, हा निरोप सरनौबतांच्या काळजात रुतला. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीला, फौजेची वाटही न बघता, सहा स्वार घेऊन ते खानाच्या सैन्यावर तुटून पडले. सातही गेले. राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर आला होता. पुढं महाराजांनी प्रतापरावांची लेक जानकीबाई राजारामांसाठी सून करून आणली.

"तो शब्द महाराजांनाही सलत राहिला असणार," काका म्हणाले. "आणि त्यांच्या रागामागं स्वराज्य होतं. तुझ्या शब्दामागं काय होतं रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दमलो होतो, एवढंच.

दुसऱ्या संध्याकाळी, जेवढ्या मोठ्यानं बोललो होतो तेवढ्याच मोठ्यानं, सगळ्यांसमोर तिला म्हणालो, "मी चुकलो. तुला तसं बोलायला नको होतं." तिनं नुसती मान हलवली. त्या दिवशीही आवाज बसलेलाच होता. मग रोज सराव संपला की मी एकेका ढोलापाशी जायचो. दोरी सैल आहे असं कुणी सांगितलं, की तिथंच बसून ओढून द्यायचो. पहिले दोन दिवस कुणीच काही सांगितलं नाही.

गणपतीच्या आदल्या रविवारी तिसऱ्या हातावर ती वाजवता वाजवता थांबली. मग बाकीचे ढोलही थांबले.

"दादा, तुमचा ताशा पुढं पळतोय."

खरंच पळत होता. पट्टा घट्ट करून मी पहिल्यापासून सुरुवात केली.